पंजाबराव देशमुख यांची वऱ्हाडातील राजकीय कारकीर्द

डॉ. पंजाबराव शामराव देशमुख (२७ डिसेंबर, १८९८ – १० एप्रिल, १९६५) हे वऱ्हाडातील बॅरिस्टर, शेतकरी नेते, शिक्षणप्रसारक आणि स्वतंत्र भारतातील कृषिमंत्री होते. विदर्भात ते ‘भाऊसाहेब’ या नावाने ओळखले जातात. केंद्रीय मंत्री म्हणून त्यांचे कार्य सर्वपरिचित आहे. तथापि त्या कार्याची घडण त्याआधी, १९२६ ते १९३७ या काळात, अमरावतीत आणि नागपूरच्या कायदेमंडळात झाली. जिल्ह्याच्या गावी वकिली सुरू करणारा एक तरुण बॅरिस्टर अल्पावधीत जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष आणि प्रांताचा मंत्री झाला. शेतकऱ्याचे कर्ज, खेड्यातील शाळा, सार्वजनिक विहिरी आणि देवस्थानांची संपत्ती हे विषय त्याने कायद्याच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न केला. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने या कालखंडाचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी : कापसाचा प्रांत

वऱ्हाड हा मूळचा हैदराबादच्या निजामाचा मुलूख. १८५३ च्या तहान्वये तो ब्रिटिशांच्या प्रशासनाखाली आला, १९०२ मध्ये तो त्यांना कायमच्या पट्ट्याने देण्यात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडण्यात आला. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे त्याचे चार जिल्हे. काळी कसदार जमीन आणि कापसाचे पीक ही या प्रदेशाची ओळख होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेतून मिळणारा कापूस थांबला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. त्यानंतर रेल्वे, सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने आणि कापसाचे बाजार यांचे जाळे पसरत गेले. कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. भारतातील शेतमालाच्या बाजार नियमनाचा इतिहास येथूनच सांगितला जातो.

नगदी पिकाबरोबर कर्जही आले. वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती. शेतकरी सारा थेट सरकारला भरीत असे आणि जमिनीवरील त्याचा भोगवटा वारसाहक्काने चालत असे, तसाच तो विकता व गहाणही ठेवता येत असे. लगतच्या मध्य प्रांतात मालगुजारी पद्धतीमुळे कुळांच्या हक्कांचे हस्तांतर कायद्याने बरेच मर्यादित होते. वऱ्हाडी शेतकऱ्याला मिळालेला अधिकार दुधारी ठरला. जमीन तारण ठेवता येत असल्यामुळे सावकार सहज कर्ज देई, आणि कर्ज थकले की तीच जमीन दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जप्त होऊन लिलावात निघे. शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी पैसा लागे आणि कापूस विकल्यावर तो हाती येई. मधल्या काळात भाव उतरला किंवा पाऊस हुकला, की व्याज मुद्दलात मिळून नवा दस्त होई.

या व्यवहारात वकिलाचे स्थान महत्त्वाचे होते. गहाणखताचा दावा, हुकूमनामा, दरखास्त, जप्ती आणि लिलाव या प्रत्येक पायरीवर वकील लागे आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकिलीचा मोठा भाग अशाच दाव्यांवर चाले. अमरावतीच्या सार्वजनिक जीवनातही वकिलांचेच नेतृत्व होते. दादासाहेब खापर्डे, रघुनाथ नरसिंह मुधोळकर आणि मोरोपंत जोशी हे तिघेही वकील. १८९७ चे काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले आणि १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्षपद मुधोळकरांनी भूषविले. या पिढीचे लक्ष मुख्यत्वे राष्ट्रीय राजकारणाकडे होते. शेतकरी कुटुंबातून येऊन शेतकऱ्यांच्या प्रश्नावरच राजकारण उभे करणारा वकील त्यानंतरच्या पिढीत पुढे आला.

बालपण आणि शिक्षण

पंजाबरावांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. आईचे नाव राधाबाई. कुटुंबाचे मूळ आडनाव कदम होते. वतनामुळे देशमुख हे नाव रूढ झाले. प्राथमिक शिक्षणाचा आरंभ गावच्या शाळेत झाला. पुढील वर्ग गावात नसल्यामुळे त्यांना चांदूर रेल्वे, कारंजा आणि नंतर अमरावती असा शाळांचा प्रवास करावा लागला. अमरावतीच्या हिंदू हायस्कुलातून शालेय शिक्षण पूर्ण करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. इयत्तेगणिक गाव बदलण्याची ही वेळ त्या काळी खेड्यातील प्रत्येक विद्यार्थ्यावर येत असे, आणि बहुतेकांचे शिक्षण तेथेच थांबत असे. पुढे त्यांनी वसतिगृहांना जे महत्त्व दिले, त्याचा संबंध या अनुभवाशी लावता येतो.

१९२० मध्ये ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. एडिंबरो विद्यापीठातून त्यांनी एम. ए. ही पदवी घेतली, ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली आणि बॅरिस्टरीची परीक्षाही पूर्ण केली. हा प्रबंध १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. वेदवाङ्मय आणि कायदा या दोन्ही विषयांचे त्यांचे अध्ययन पुढे मंदिरप्रवेश आणि देवस्थानांची संपत्ती या वादांत उपयोगी पडले.

अमरावतीतील वकिली आणि सार्वजनिक कार्याचा आरंभ

१९२६ मध्ये मायदेशी परतल्यावर पंजाबरावांनी अमरावती येथे वकिली सुरू केली. अल्पावधीतच त्यांचे लक्ष सार्वजनिक कामाकडे वळले. १९२७ मध्ये त्यांनी शेतकरी संघाची स्थापना केली आणि संघाच्या प्रचारासाठी ‘महाराष्ट्र केसरी’ हे पत्र चालविले. बाहेरगावाहून शिकण्यासाठी येणाऱ्या मुलांच्या निवासासाठी स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने वसतिगृह सुरू केले. या वसतिगृहात जातिभेद पाळला जात नसे.

त्या वेळी महाराष्ट्रात ब्राह्मणेतर चळवळीचा प्रभाव होता आणि वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत सत्यशोधक विचार पोहोचले होते. पंजाबरावांचे राजकारण याच वातावरणात वाढले. कुणबी, माळी, तेली इत्यादी कष्टकरी जातींना शिक्षणात आणि प्रतिनिधित्वात वाटा मिळावा, हा त्यांचा आग्रह होता. त्याच्या जोडीला अस्पृश्यतानिवारणाचा प्रश्नही त्यांनी हाती घेतला.

१९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी चळवळ उभी राहिली. पंजाबराव तिच्या पुरस्कर्त्यांपैकी प्रमुख होते. नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता. परिषदेनंतर मंदिरप्रवेशाचा प्रत्यक्ष सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला. मंदिराचे दार तत्काळ उघडले नाही. मात्र देवस्थान ही विश्वस्तांची खाजगी बाब आहे की सार्वजनिक संस्था आहे, हा प्रश्न त्यामुळे वऱ्हाडात चर्चेला आला.

याच वर्षी पंजाबरावांनी सोनार समाजातील विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. हा विवाह मुंबईत झाला. मराठा-कुणबी समाजातील देशमुख घराण्यात असा विवाह त्या काळी धाडसाचाच होता. विमलाबाईंनीही पुढे कायद्याचे शिक्षण घेतले आणि त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद

१९२८ मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. जिल्हा कौन्सिलकडे रस्ते, दवाखाने, विहिरी आणि प्राथमिक शाळा ही कामे असत. १९२० च्या मध्य प्रांत प्राथमिक शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना आपल्या क्षेत्रात शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार दिला होता. परंतु सक्ती म्हणजे अधिक शाळा, अधिक शिक्षक आणि त्यासाठी अधिक कर. कर वाढविण्याची जबाबदारी निवडून आलेला सभासद सहसा टाळत असे, आणि त्यामुळे हा अधिकार अनेक ठिकाणी वापराविना राही. पंजाबरावांनी शिक्षणासाठी कर वाढविण्याचा आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. कर देणारा आणि लाभ घेणारा हे दोघेही शेतकरीच होते, हे या निर्णयाचे वैशिष्ट्य होय.

जिल्हा कौन्सिलच्या अखत्यारीतील सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णयही त्यांच्याच कारकिर्दीत झाला. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव संमत करून घेतला होता. परंतु त्याची अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या हाती होती आणि बहुतेक ठिकाणी ती झाली नाही. महाडचा सत्याग्रह याच ठरावाच्या आधारे झाला. कायदेमंडळातील ठराव आणि गावातील विहीर यांच्यामधील अंतर जिल्हा पातळीवरच कापावे लागते, हे यावरून दिसते.

प्रांतिक मंत्रिपद (१९३०–१९३३)

१९३० मध्ये पंजाबराव मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून आले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे काँग्रेसने या निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता. मताधिकारही मालमत्ता व शेतसारा यांवर आधारलेला आणि मर्यादित होता. अशा कायदेमंडळात ग्रामीण भागातील ब्राह्मणेतर सभासदांना महत्त्व आले आणि पंजाबरावांची मंत्रिपदी नियुक्ती झाली. शिक्षण, कृषी, सहकार ही खाती त्यांच्याकडे होती.

या मंत्रिपदाच्या मर्यादा समजण्यासाठी १९१९ च्या सुधारणा कायद्याने आलेली द्विदल राज्यपद्धती लक्षात घ्यावी लागते. प्रांतिक कारभाराचे दोन भाग करण्यात आले होते. शिक्षण, शेती, सहकार, आरोग्य, स्थानिक स्वराज्य हे ‘सोपीव’ विषय मंत्र्यांकडे असत. जमीनमहसूल, पाटबंधारे, न्याय, पोलीस हे ‘राखीव’ विषय गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहात. परिणामी शेतीच्या मंत्र्याला सुधारित बियाणे वाटता येई, परंतु सारा कमी करता येत नसे. सहकारी पेढी काढता येई, परंतु कालव्याचे पाणी त्याच्या हाती नसे. वऱ्हाडच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. हा प्रदेश कायद्याच्या दृष्टीने निजामाच्या सार्वभौमत्वाखाली राहिल्यामुळे वऱ्हाडचे प्रतिनिधी निवडून आले तरी त्यांची नियमानुसार नेमणूक करावी लागे.

देवस्थान संपत्ती विधेयक

१९३२ मध्ये पंजाबरावांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले. देवस्थानांकडे इनाम जमिनी आणि दानातून आलेला पैसा असे. त्याचा हिशेब भाविकांना द्यावा लागत नसे. या संपत्तीवर सार्वजनिक देखरेख असावी आणि तिचा उपयोग शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामासाठी व्हावा, असा विधेयकाचा उद्देश होता. मद्रास इलाख्यात हिंदू धर्मादाय संस्थांविषयीचा कायदा १९२७ मध्ये अमलात आला होता, त्यामुळे ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. तरीही सनातनी मंडळींनी विधेयकास तीव्र विरोध केला आणि ते संमत होऊ शकले नाही. सरकारने धर्मात हात घालू नये, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. समर्थकांच्या मते प्रश्न पूजाविधीचा नसून हिशेबाचा होता. मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्त संस्थांची नोंदणी आणि हिशेबतपासणी बंधनकारक करणारा कायदा १९५० मध्ये झाला.

कर्जलवाद कायदा

१९२९ पासून जागतिक मंदी सुरू झाली आणि शेतमालाचे भाव कोसळले. कापसावर अवलंबून असलेल्या वऱ्हाडाला तिचा तडाखा विशेष बसला. भाव चढे असताना घेतलेले कर्ज उतरत्या भावात फेडावयाचे होते. कर्जाची रक्कम दस्तावर तीच राहिली, परंतु ती फेडण्यासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कापूस विकावा लागू लागला. सावकारांचे दावे वाढले आणि जमिनी लिलावात निघू लागल्या.

या परिस्थितीत मध्य प्रांतात १९३३ चा कर्जलवाद कायदा संमत झाला. वऱ्हाडात या कायद्याशी पंजाबरावांचे नाव जोडले जाते. तो पुढीलप्रमाणे चाले. सरकार ठिकठिकाणी लवाद मंडळे नेमी. कर्जदार शेतकरी किंवा त्याचा धनको मंडळाकडे अर्ज करी. मंडळ सर्व धनकोंना बोलावून कर्जाचे आकडे मागवी, दस्त व हिशेब तपासी आणि शेतकऱ्याच्या ऐपतीनुसार रकमेत सूट व फेडीचे हप्ते ठरवून तडजोड घडवून आणी. झालेली तडजोड नोंदविली जाई आणि ती उभय पक्षांवर बंधनकारक असे. एखाद्या धनकोने वाजवी तडजोड विनाकारण नाकारली, तर मंडळ शेतकऱ्यास तसा दाखला देई. पुढे त्या धनकोने दावा केल्यास त्याला खर्च आणि पूर्ण व्याज मिळण्यात अडचण येई.

दिवाणी न्यायालय दस्तात लिहिलेले पाही. हा दस्त कोणत्या भावाच्या आणि कोणत्या हंगामाच्या वेळी झाला, हे पाहण्याची तेथे सोय नव्हती. लवाद मंडळाने शेतकऱ्याची फेड करण्याची ऐपत हा विचार कायद्यात आणला. याआधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला होता. परंतु त्यातही वाद न्यायालयातच चाले. १९३३ च्या कायद्याने तो न्यायालयाबाहेर आणला. त्यानंतर पंजाबात १९३४ मध्ये आणि बंगालमध्ये १९३५ च्या कायद्यान्वये अशाच धर्तीची मंडळे स्थापन करण्याची तरतूद झाली.

कायद्याला मर्यादाही होत्या. तडजोड मूलतः ऐच्छिक होती. कर्ज कमी झाले तरी पुढील पेरणीसाठी पैसा कोठून आणावा हा प्रश्न शिल्लक राही. सूट द्यावी लागलेला सावकार नवे कर्ज देताना हात आखडता घेई, आणि सहकारी पतसंस्था त्याची जागा भरून काढण्याइतक्या सबळ नव्हत्या. शिवाय ज्याच्या नावावर जमीन होती त्यालाच या कायद्याचा मुख्य लाभ होता. कापूस वेचणाऱ्या भूमिहीन मजुराचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला.

शिक्षणसंस्था

मंत्रिपदाच्या काळातच, १९३२ मध्ये, अमरावती येथे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. या संस्थेने वऱ्हाडातील ग्रामीण भागात शाळा, वसतिगृहे आणि महाविद्यालये काढली. आज ती राज्यातील मोठ्या शिक्षणसंस्थांमध्ये गणली जाते. १९३३ मध्ये मंत्रिपद सोडल्यानंतरही पंजाबरावांचा या कार्याशी संबंध अखेरपर्यंत राहिला. त्यांच्या प्रांतिक कारकिर्दीतील कामांपैकी सरकारी सत्तेवर अवलंबून नसलेले आणि म्हणून सर्वाधिक टिकलेले काम हेच होय.

१९३७ नंतर

१९३५ च्या कायद्याने द्विदल पद्धती प्रांतांतून रद्द झाली आणि मतदारांची संख्या वाढली. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मध्य प्रांत व वऱ्हाडात बहुमत मिळविले व डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. स्वतंत्र ब्राह्मणेतर राजकारणाचा काळ येथे ओसरू लागला आणि त्यातील अनेक कार्यकर्ते कालांतराने काँग्रेसमध्ये सामील झाले.

पंजाबराव संविधान सभेचे सदस्य होते. मागास राहिलेल्या शेतकरी व कष्टकरी जातींच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न त्यांनी तेथे मांडला. १९५२, १९५७ आणि १९६२ मध्ये ते अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले आणि १९५२ पासून दहा वर्षे केंद्र शासनात शेतीचे काम पाहात होते. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रसार, १९५५ मध्ये स्थापन झालेला भारत कृषक समाज आणि दिल्लीत डिसेंबर १९५९ मध्ये भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन ही या काळातील त्यांची ठळक कामे होत. १० एप्रिल, १९६५ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

पंजाबरावांच्या वऱ्हाडातील कारकिर्दीचे यश संमिश्र होते. अंबादेवीचा सत्याग्रह लांबणीवर पडला, देवस्थान विधेयक नामंजूर झाले, कर्जलवाद कायद्याचा लाभ सर्वांपर्यंत पोहोचला नाही आणि मंत्रिपद तीनच वर्षे टिकले. तथापि शेतकऱ्याचे कर्ज हा केवळ सावकार आणि कुळ यांच्यातील खाजगी करार नसून सार्वजनिक धोरणाचा विषय आहे, ही भूमिका या काळात प्रांतिक कायद्यात उतरली. अमरावतीतील आधीच्या वकिलांनी प्रांताला राष्ट्रीय व्यासपीठावर नेले. पंजाबरावांनी गावातील विहीर, शाळा आणि गहाणखत हे विषय कायदेमंडळापर्यंत नेले. त्यांच्या राजकारणाचा पाया जमीनधारक शेतकऱ्यांत होता आणि मजुरांच्या प्रश्नाला त्यात दुय्यम स्थान होते, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

वारसा

अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले आहे. महाराष्ट्र शासनाच्या दोन योजनाही त्यांच्या नावाने चालतात. पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्यांना व्याजात सवलत देणारी डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना ही एक, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठीची डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना ही दुसरी. कर्ज आणि वसतिगृह हे दोन्ही विषय त्यांच्या अमरावतीतील कार्याच्या पहिल्या दशकातलेच आहेत. दुसऱ्या योजनेत शेतकऱ्याच्या मुलाबरोबर मजुराच्या मुलाचाही समावेश झाला आहे.